पडद्यावरचे सत्यान्वेषी (लेखांक ९) : दोनशे पिनांची डबी

गेल्या आठवड्यात मी सत्यवतीचा वायदा केला होता. दूरदर्शनच्या मालिकेत सुकन्या कुलकर्णींनी उभी केलेली गुप्तहेर ब्योमकेश बक्शीची पत्नी सत्यवती, तिची पहिली भेट, तिचा तो हट्टी शांतपणा. लेख निम्मा लिहूनही झाला आहे. पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मधे सांगलीहून एक पत्र आलं आणि गेले सहा दिवस मी त्याच्याच मागे आहे.

पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. त्या लिहितात, ‘रास्ते का कांटा’ हा भाग तुम्ही दोन ओळींत उरकलात, आणि त्या दोन ओळींत त्याला मालिकेतला सर्वांत चोख भाग म्हणालात. मग त्यांनी वर्गात फळ्यावर लिहावेत तसे आकडे घालून तीन प्रश्न विचारले आहेत. एक, ग्रामोफोनच्या पिनेनं माणूस मरेल का? दोन, सायकलच्या घंटीत अशी पिन उडवण्याइतकी जागा आणि जोर असतो का? तीन, हे दोन्ही होत नसेल तर हा भाग चोख कसा?

तिसऱ्या प्रश्नानं मला घेरलं. त्यामुळे आज सत्यवती नाही. आज पिन.

ज्यांनी हा भाग अजून पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इथे परत यावं, कारण पुढे सगळं उघड होणार आहे. बाकीच्यांना कथा आठवत असेलच. कलकत्त्याच्या भर रस्त्यात एकामागून एक माणसं कोसळून मरतात. अंगावर मोठी जखम नाही, गोळीचा आवाज नाही, पळून जाणारा कुणी नाही. शवविच्छेदनात काळजात रुतलेली ग्रामोफोनची पिन सापडते. मेलेली सगळी माणसं उतारवयाची, पैसेवाली, पोटी मूल नसलेली. आशुबाबू तेवढे वाचतात, कारण पिन त्यांच्या छातीवरच्या खिशातल्या घड्याळात रुतते. ते घड्याळ घेऊन ते ब्योमकेशकडे येतात. दुसरीकडे ब्योमकेशचा डोळा वर्तमानपत्रातल्या एका विचित्र जाहिरातीवर आहे. कुणाच्या वाटेत काटा असेल तर तो काढून देऊ, असं ती जाहिरात सांगते. मूळ कथेत त्यासाठी शनिवारी संध्याकाळी व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहायचं असतं.

हे दुकान चौरंगीवरचं, कलकत्त्यातल्या बड्या विलायती दुकानांपैकी एक. मुंबईकरांनाही ते परकं नाही. याच कंपनीचं दुकान मुंबईत हॉर्नबी रोडवर होतं, आणि दादाभाई नौरोजी मार्गावर खादी भांडार ज्या इमारतीत थाटलं गेलं तीच ती इमारत. एका शहरात खुनाचा सौदा ठरवण्याची जागा, दुसऱ्या शहरात सुताची. असो, पिनेकडे येतो.

ग्रामोफोन ज्यांनी फक्त सिनेमात पाहिला त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. त्याची पिन एकदाच वापरायची असते. आमच्या घरी कोल्हापूरला आजोबांचा चावीचा ग्रामोफोन होता. रविवारी सकाळी तो माजघरात यायचा. आजोबा चावी द्यायचे, बालगंधर्वांची तबकडी ठेवायचे आणि मला म्हणायचे, “पिन दे.” पिनांची पत्र्याची छोटी डबी माझ्या ताब्यात असे. अशा डबीत दोनशे पिना येत. मी एक काढून द्यायचो, ते साउंडबॉक्सचा स्क्रू सैल करून ती बसवायचे आणि पट्टी सरकवून तबकडी फिरती करायचे. तीन-सव्वातीन मिनिटांत बाजू संपली की पिन काढून दुसऱ्या, रिकाम्या डबीत टाकायची. तबकडी उलटायची. पुन्हा, “पिन दे.”

एकाच पिनेवर दुसरी बाजू का लावायची नाही, हे मी एकदा विचारलं होतं. आजोबांनी भिंग आणून नवी पिन आणि वापरलेली पिन शेजारी शेजारी दाखवली. नवीचं टोक गोलसर आणि नितळ होतं. जुनीचं टोक दोन्ही बाजूंनी घासून छिन्नीसारखं झालं होतं. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, आणि त्या लाखेत मुद्दाम दगडाची पूड घातलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड पोलादी पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणजे पिन झिजावी हीच योजना. पिन झिजते म्हणून तबकडी टिकते. पण बाजू संपेपर्यंत पिनेला धार आलेली असते, आणि तीच पिन पुन्हा लावली तर ती खाच खरवडून काढते. वापरलेली पिन गाण्याला वैरीण, असं आजोबा म्हणायचे. ती जमिनीवर पडली तर घरात सगळे जागच्या जागी उभे राहत आणि ती सापडेपर्यंत कुणी पाऊल उचलत नसे. एकदा ती मला टाचेत सापडली होती.

हे सगळं सांगायचं कारण, शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ही कथा १९३२ साली लिहिली तेव्हा असली डबी बंगाली मध्यमवर्गाच्या घराघरांत होती. हिंदुस्थानात तबकडीसाठी पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते कलकत्त्यातच, १९०२ च्या नोव्हेंबरात. तबकड्या घडवणारा देशातला पहिला कारखाना निघाला तोही कलकत्त्यात, सियालदहला, १९०८ साली. पिस्तूल घ्यायचं तर परवाना लागतो, गोळीवरून बंदुकीचा माग लागतो. पिनेवरून कशाचा माग लागणार? एका डबीत दोनशे, दुकानोदुकानी डब्या, आणि प्रत्येक पिन दुसरीसारखी. वर ती एकदा वापरून टाकायचीच वस्तू. मारेकऱ्याला याहून सोयीचं काय असेल?

आता बाईंचा पहिला प्रश्न. आजोबांच्या त्या डबीत अजून काही पिना आहेत. त्या घेऊन मी सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर पाच पिना मिळून एक ग्रॅमला थोड्या कमीच भरल्या. म्हणजे एक पिन दीड-दोन गुंजांची. लांबी सोळा मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून जराशी जास्त. एअरगनचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. ही त्याच्याही निम्म्याहून हलकी.

ओळखीच्या एका सर्जननी माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं. सदरा, कातडी, चरबी, स्नायू, मधे बरगड्यांचा पिंजरा. बारीक अंगाच्या माणसातसुद्धा काळजापर्यंत पोचायला इंचभर तरी आत जावं लागतं. पिनेला आपल्या लांबीच्याही पलीकडे, पूर्णपणे आत घुसावं लागेल, आणि नेमकं दोन बरगड्यांच्या मधून. घुसली तरी माणूस जागीच कोसळेल असं नाही. काळजाला बारीक भोक पडलं तर रक्त त्याच्या भोवतीच्या पिशवीत साठत जातं आणि त्या दाबानं काळीज भरेनासं होतं. त्याला वेळ लागतो. कधी काही मिनिटं, कधी पुष्कळ जास्त. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : पिनेनं माणूस मरू शकतो, पण कथेत मरतात तसे एकामागून एक, एकेका पिनेत आणि जागच्या जागी, हे नशिबाच्याही पलीकडचं आहे.

आणखी एक अडचण सर्जननी नाही, मीच शोधली. बाणाला मागे पिसं असतात ती त्याचं टोक पुढे राहावं म्हणून. पिनेला शेपूट नाही. ती हवेत कोलांट्या खाईल आणि आडवी जाऊन आपटेल. मात्र इथे शरदिंदूंनी काळजी घेतलेली दिसते. त्यांचा मारेकरी लांबून नेम धरत नाही. तो सायकलवर समोरून येतो, अगदी जवळून जातो. दोन-तीन हातांच्या अंतरात पिनेला कोलांटी खायला फुरसत मिळणार नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी आमच्या पेठेतल्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे जुन्या, जड वाटीच्या घंट्यांचा खोका आहे. त्यातली एक त्यांनी पान्यानं उघडून माझ्या तळहातावर ठेवली. वरची वाटी काढली की आत अंगठ्याच्या खटक्याला जोडलेलं दातेरी चाक, त्याला लागून दुसरं छोटं चाक, खटका परत आणणारी बारीक स्प्रिंग, आणि गरगर फिरून वाटीवर आपटणाऱ्या दोन सैल चकत्या. मी कथा सांगितली. काकांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “साहेब, जागा करता येईल. ही चाकं काढली की लिंबाएवढी जागा मिळते. पण चाकं काढली तर घंटी वाजणार कशी?”

सहा दिवसांत मला मिळालेला हा सर्वांत चांगला प्रश्न. कारण घंटी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर सगळी युक्ती फुकट. मग काकाच खोक्यातली दुसरी, मोठी घंटी उघडून विचार करू लागले. अंगठ्याच्या दाबात काही जोर नसतो, त्यामुळे पिन अंगठ्यानं उडणार नाही, म्हणाले. दणकट स्प्रिंग आधी दाबून ठेवायची, तिला एक अडणी लावायची, आणि खटका निम्म्यापर्यंत दाबला की घंटी वाजेल, पुरता दाबला की अडणी सुटेल. एकाच खटक्याला दोन कामं. एकदा उडाली की घरी जाऊन पुन्हा भरावी लागेल.

ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माजघर आलं. आधी चावी देऊन स्प्रिंग भरायची, मग एक पट्टी सरकवून ती मोकळी करायची, पुढे पिन, आणि एका वेळेला एकच बाजू. हा तर ग्रामोफोनच झाला! मारेकऱ्यानं ग्रामोफोनची नुसती पिन उचलली नव्हती. ग्रामोफोनचं अख्खं तत्त्वच उचलून सायकलच्या हँडलला बसवलं होतं. शरदिंदूंच्या मनात हे होतं की नाही, मी सांगू शकत नाही, पण त्या वस्तूच्या पोटात ते आहे. आणि आशुबाबूंवर दुसरा वार लगेच का झाला नाही, याचंही मला पटेल असं उत्तर मिळालं. घंटी रिकामी झाली होती.

तेव्हा बाई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : जागा होते, जोर जेमतेम होतो, आणि काकांसारखा कुशल हात हवा. कथेतला मारेकरी तेवढा कुशल आहे असं धरून चालू.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी हा सगळा लेख. पिन बरगडीवर आपटली असती, घंटीत जोर कमी पडला असता, हे सगळं मान्य करूनही मी या भागाला चोख का म्हणतो?

कारण रहस्य पिनेत नाही. रहस्य घंटीच्या आवाजात आहे.

खुनाच्या जागी माणसं असतात. पोलिस त्यांना विचारतात, काय पाहिलंत? काहीच नाही. कुणाचा आवाज? गोळीचा नाही, आरोळीचा नाही. ब्योमकेशही आशुबाबूंना आवाजाबद्दल विचारतो, आणि तो त्यांना सहज सोडत नाही. रस्त्यावर आवाज तर असणारच, मग कुठला कुठला होता? खोदत गेल्यावर सायकलच्या घंटीची आठवण निघते. आशुबाबूंनी ती लपवलेली नसते. त्यांच्या लेखी तो आवाजच नसतो. गर्दीच्या चौकात सायकलची घंटी वाजणं म्हणजे काही घडणं नव्हे. उलट घंटी वाजली की माणूस न बघता बाजूला सरकतो. कान ऐकतात, पाय हलतात, मनापर्यंत काही पोचत नाही.

इथे मला दोन जुन्या इंग्रजी कथा आठवतात. कॉनन डॉयलनं १९०३ साली ‘द एम्प्टी हाउस’मध्ये शेरलॉक होम्सच्या शत्रूच्या हाती हवेवर चालणारी बंदूक दिली. तिचं सगळं सामर्थ्य तिच्या मुकेपणात होतं. चेस्टर्टननं १९११ साली फादर ब्राउनच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कथेत खुनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरात नेला आणि बाहेर काढला, कारण तो पोस्टमनच्या वेशात होता आणि पोस्टमनला कुणी ‘कुणीतरी आलं’ असं मोजत नाही. शरदिंदू या परंपरेचे चांगले वाचक होते, आणि त्यांनी दोन्ही कल्पना एकत्र आणून उलट्या केल्या. त्यांचं हत्यार मुकं नाही, ते खणखणतं. त्यांचा खुनी डोळ्यांना नाही, कानांना अदृश्य आहे. डॉयलनं आवाज काढून टाकला. शरदिंदूंनी आवाज घातला, आणि त्या आवाजात खून लपवला. माझ्या मते ही जास्त अवघड आणि जास्त खरी युक्ती आहे, कारण शांततेकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं.

शिवाय बघा, या कथेतल्या सगळ्या वस्तू घरातल्या आहेत. मारायला गाण्याची पिन. वाचवतं खिशातलं घड्याळ. मूळ कथेत शेवटी ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित मध्यरात्री मारेकऱ्याला गाठायला रेसकोर्सजवळच्या सुन्या रस्त्यावर जातात तेव्हा छातीला काय बांधून जातात? चिनीमातीच्या ताटल्या. आज सैनिकांच्या चिलखतात सिरॅमिकचे तुकडे घालतात, कारण आदळणाऱ्या गोळीचं टोक त्या कठीण पृष्ठभागावर चेपतं. ब्योमकेशनं १९३२ साली तेच तत्त्व स्वयंपाकघरातल्या फडताळातून काढलं. आणि पकडला गेल्यावर मारेकरी स्वतःचा शेवट कशानं करतो? पानानं. विषारी पान, पण पानच. पिन, घड्याळ, ताटली, घंटी, पान. या कथेत अशी एकही वस्तू नाही जिच्याकडे पाहून घरातल्या कुणी भुवई उंचावली असती.

आणि बळी? तेही वस्तूंइतकेच रोजचे. शरदिंदू कायदा शिकले होते, मुंगेरला त्यांनी काही काळ वकिली केली होती. मूल नसलेला पैसेवाला म्हातारा म्हणजे वकिलाच्या टेबलावरची रोजची फाइल. त्याच्या मरणाची वाट पाहणारा एक वारस कुठेतरी असतोच, आणि त्या वारसाला हा म्हातारा म्हणजे वाटेतला काटा. कथेचं नाव तिथून आलेलं आहे. काटा पिनेचा नाही, माणसाचा आहे.

आता पडद्याकडे. बासु चटर्जींनी १९९३ साली दूरदर्शनसाठी ही मालिका केली तेव्हा ब्योमकेश झालेले रजित कपूर आणि अजित झालेले के. के. रैना या जोडीची सगळ्यांनी तारीफ केली, आणि ती वाजवीच होती. पण बासुदांचा हात मला या भागात सर्वांत जास्त दिसतो, आणि त्याचं कारण त्यांचं आधीचं काम. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’. बसथांबा, ऑफिस, गॅसचा सिलिंडर, दुकानातला तराजू. आयुष्यभर या माणसानं साध्या गोष्टींकडे साधेपणानं पाहिलं. रहस्यकथा करताना दुसऱ्या कुणी त्या घंटीवर कॅमेरा रोखला असता, संगीत वाढवलं असतं, आपल्याला कोपरानं ढोसलं असतं. बासुदांनी रस्त्याला रस्ता राहू दिलं.

आणि कथेत जे करणं अशक्य होतं ते टीव्हीवर आपोआप झालं. छापील पानावर ‘घंटी वाजली’ हे शब्द लिहावेच लागतात. ते वाचले की चतुर वाचक थबकतो, ही घंटी कशाला घातली असेल? पडद्यावर घंटी लिहावी लागत नाही. ती वाजते आणि रस्त्याच्या गोंगाटात मिसळून जाते. प्रेक्षक आशुबाबूंच्या जागी येऊन उभा राहतो. त्यानं पुरावा ऐकलेला असतो, आणि ऐकलेला नसतो.

हे मला त्या दिवशीच कळलं होतं, फक्त नीट मांडता येत नव्हतं. १९९३ साली हा भाग लागला तेव्हा आई खाली पाटावर भाजी निवडत होती आणि मी खुर्चीत. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला, मधूनमधून नजर वर. माणूस कोसळला तेव्हा तिनं विचारलं, “अरे, कशानं मेला?” मी म्हणालो, “बघू.” शेवटी ब्योमकेशनं घंटीचं गुपित सांगितलं आणि आईचे हात थांबले. “अरे, पण घंटी तर मीसुद्धा ऐकली होती!” ती मोठ्यानं म्हणाली. त्या वाक्यात चकित झाल्याचा आनंद होता आणि थोडासा धक्काही. कुणाला तरी मरताना पाहूनही, त्याला मारणारा आवाज कानावर येऊनही, आपण भाजी निवडत राहिलो, असा.

सांगलीच्या बाई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर आईचं ते वाक्य आहे. पिनेचं गणित चुकलं तरी चालेल. कानाचं गणित बरोबर आहे. माणूस रोजचं ऐकत नाही, हा नियम पिनेच्या जोरापेक्षा पक्का आहे, आणि कथा त्या नियमावर उभी आहे. रहस्यकथेतलं हत्यार थोडं अशक्य असलं तर आपण क्षमा करतो. त्यातला माणूस अशक्य असला तर करत नाही, करूही नये.

जाता जाता एक गोष्ट, जी या लेखमालेत मी इतके आठवडे राखून ठेवली होती. शरदिंदू मुंबईत आले ते १९३८ साली, बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपट लिहायला. त्या वर्षांत ब्योमकेश थांबलेला होता. १९३२ पासून चार-पाच वर्षांत दहा कथा झाल्या आणि त्यानंतर पंधराएक वर्षं एकही नाही. १९५१ मध्ये त्यांनी तो पुन्हा हाती घेतला, आणि १९५२ साली चित्रपटसृष्टी सोडून ते राहायला गेले पुण्याला. पुढे १९७० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत पुणं हेच त्यांचं घर होतं. घराचं नाव ‘मिथिला’. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये पडद्यावर आणलेली ‘चिड़ियाखाना’ ही कादंबरी आणि ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बहुतेक कथा या पुण्याच्या वास्तव्यातल्या. याच लेखकानं बंगाली मुलांसाठी सदाशिव नावाच्या एका पोराच्या साहसकथा लिहिल्या, आणि तो पोरगा शिवाजी महाराजांच्या काळातला मराठी मुलगा आहे.

म्हणजे ब्योमकेश कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर राहत असला तरी त्याचा अर्धा जन्म पुण्यात झाला. आणि त्या काळचं पुणं म्हणजे सायकलींचं गाव. सकाळ-संध्याकाळ रस्ते सायकलींनी भरून वाहत आणि घंट्यांना खंड नसे. खून करणारी घंटी ज्यानं वीस वर्षांपूर्वी लिहिली होती, तो लेखक संध्याकाळी फिरायला बाहेर पडल्यावर त्या घंट्या कशा ऐकत असेल? मागून कुणी घंटी वाजवली तर तो इतरांसारखाच न बघता बाजूला होत असेल, की वळून पाहत असेल?

याचं उत्तर पुस्तकांत मिळणार नाही, पण एखाद्या घरात मिळू शकेल. त्या वर्षांत पुण्यात राहिलेल्या कुणा वाचकाच्या शेजारी एक उंच कपाळाचे, लिहिणारे बंगाली गृहस्थ असतील, त्यांच्या अंगणात कुणी खेळलं असेल, त्यांना दूध किंवा वर्तमानपत्र टाकलं असेल, तर मला जरूर कळवा. आठवण केवढीशी का असेना, दोन वाक्यांची चालेल. मी सत्यवतीचा लेख घेऊन पुढच्या आठवड्यात येतोच आहे, पण अशी एखादी आठवण आली तर सत्यवतीला आणखी एक आठवडा थांबावं लागेल, आणि माझी खात्री आहे, तिची हरकत नसेल.